उपाशी कुत्रे आणि साखरेचा आकडा

कुत्र्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. कपड्यांना केस चिकटावेत तसे ते चिकटून घरी येतात. रायपूर नुकतीच नव्या राज्याची राजधानी झालेली, माझी नोकरीही नवी. शाळा आठवीत सुटलेली, त्यात मी लाजाळू. पण मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, मला एक प्रश्न विचारायला शिकवलं, "ऑपरेशनच्या आधी काय खाल्लं?" पोट भरलेलं असलं तर भुलीत अन्न वर येऊन श्वासात अडकतं. जीव जातो!

*

पंडरीच्या बाजारातल्या कापडवाल्यांचा लॅब्राडोर ऑपरेशनला आला, सोबत अख्खं घर. मी गप्प राहणारा, म्हणून एकेक जण हळूच कानात सांगून गेला, "भैया, मॅडम को मत बोलना, एक ही बिस्किट दिया है."

सात जण, सात बिस्किटं! त्या दिवशी मी पहिल्यांदा ओरडलो, "मॅडम, थांबा!"

*

तेलीबांध्याहून पाय मोडलेला एक गावठी कुत्रा आणला. दोन दिवसांचा उपाशी. साखर बघायला मी त्याच्या कानाला टोचून रक्ताचा थेंब घेतला. साखर अठ्ठ्याऐंशी, एकदम बरोबर!

"उपाशी असून बरोबर काहून, मॅडम?"

"अरे, लिव्हरात साखरेचं कोठार असते त्याच्या. तेच साखर पुरवून राहिलं."

बाहेर कुणी भाकर घातली नव्हती, आणि आत कुणीतरी वाढत होतं!

*

शंकर नगरच्या दीदींनी तळहाताएवढं पिल्लू आणलं. मोठ्या कुत्र्यासारखं त्यालाही ऑपरेशनसाठी रात्रभर उपाशी ठेवलेलं. इवल्या जीवाचं कोठारही इवलंच. साखर अडतीस, मान टाकलेली! मॅडमनी हिरड्यांना ग्लुकोज चोळलं. थोड्या वेळानं पिल्लानं डोळे उघडले आणि मॅडमचं बोटच चावलं.

"चढली साखर!" मॅडम म्हणाल्या.

*

आणि रेल्वेतून रिटायर झालेले एक बाबा. घरात ते आणि त्यांचा म्हातारा कुत्रा बंड्या, दोघंच. बंड्याच्या पोटात गाठ. "हा गेला तर मी कोनासंग बोलू रे?" एवढंच ते म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी मी बंड्याची साखर पाहिली. ब्याण्णव! तेवढ्यात बाबाच खुर्चीवरून घसरले, घामानं चिंब. मॅडमनी नवी सुई घेऊन त्यांचं बोट टोचलं. बावन्न! ग्लुकोजचं पाणी पाजल्यावर ते उठून बसले.

"शुगरची गोळी घेतली अन् जेवले नाही?" मॅडमनी विचारलं.

"तो उपाशी. मी त्याच्यासमोर कसा जेवू?"

"त्याले उपाशी ठेवाले सांगतलं होतं बाबा, तुम्हाले नाही!"

गाठ निघाली. संध्याकाळी बंड्या पुरता शुद्धीवर आल्यावर मी त्याच्यापुढे थोडा दहीभात ठेवला. त्यानं वास घेतला, पण तोंड लावलं नाही. नुसता बाबांकडे बघत राहिला.

बाबांनी त्यातला एक घास उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

मग बंड्या जेवला.