पुढे ट्रक, मागे बस

त्या शनिवारी पहाटे झोरिया गावावर एकही पक्षी नव्हता. हंस आदल्याच आठवड्यात दक्षिणेकडे गेले होते, हे खरे. पण चिमण्याही दिसू नयेत? वारा पूर्ण पडला होता, आणि आकाशाच्या वायव्य कोपऱ्यात शिशाच्या रंगाची एक पट्टी उठली होती. ती ना वर सरकत होती, ना ओसरत होती. नुसती पाहत होती.

अडेलिन प्रिस्टुपा हिने ती पट्टी पाहिली आणि बसची चावी फिरवली. जन्मभर तिने शाळेची बस चालवली. गावातली दोन पिढ्यांची मुले तिने घरून उचलली आणि सुखरूप घरी सोडली. शाळा बंद झाली तेव्हा ती पिवळी बस गावाने ठेवून घेतली, आणि बसबरोबर अडेलिनलाही ठेवून घेतले. आता ती बस एकाच कामाला निघे. रेजायना शहराच्या मैदानावर हिरव्या संघाचा फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या तिकडच्या फुटबॉलचा, सामना असला, की झोरियाची माणसे घ्यायची, अडीच तासांच्या रस्त्याने न्यायची आणि परत आणायची. वर्षानुवर्षे हे चालले होते. संघ जिंको वा हरो, ऊन असो वा गारठा, बस निघालीच नाही असा सामना नव्हता.

बसच्या पुढे तिचा नवरा ऑरेस्ट याचा ट्रक असे. ट्रकमध्ये शेगडी, कुबासा नावाचे लांब सॉसेज, पिरोगीचे, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचे, डबे आणि कलिंगडे. आदल्या संध्याकाळी गावाच्या सभागृहात बसून सगळे ती कलिंगडे पोखरत, चेहऱ्यापुरती जागा कापत, आत लोकरीची टोपी बसवत आणि मैदानावर ते हिरवे शिरस्त्राण डोक्यावर चढवत. पुढे ट्रक, मागे बस. ट्रकवर हिरवा झेंडा, बसवर हिरवा झेंडा. हाच क्रम, हाच नेम.

किती प्रेमळ ती माणसे, आणि किती मुकी! आपुलकी पोटात मावत नसे, आणि ओठावर येत नसे. त्यांची सारी माया त्या बसमध्ये बसण्यात होती.

त्या उन्हाळ्यात संघाच्या क्लबकडून ब्रिजिट नावाची एक मुलगी गावात आली होती. संघ तीन वर्षे हरत होता, मैदानावरच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या होत्या, आणि माणसे कशाने येतात व कशाने येत नाहीत हे तिला समजून घ्यायचे होते. सभागृहात कॉफीचे कप भरले गेले.

"तिकीट स्वस्त केलं तर जास्त लोक येतील का?" ब्रिजिटने विचारले.

"बिअर स्वस्त कर, मढीसुद्धा उठून येतील," दिदो तेओफिल म्हणाला. दिदो म्हणजे आजोबा. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा कोणाचाच सख्खा आजोबा नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता.

"पण संघ हरतोय. तरी तुम्ही येता. का?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कोणी म्हणाले, पीक निघाल्यावर दुसरे करायचे काय? कोणी म्हणाले, ती खुर्ची बापाची होती. ऑरेस्ट म्हणाला, "टीव्हीवर आमची रांग दिसते, पोरी. रिकामी दिसली तर शेजारच्या गावाला काय तोंड दाखवायचं?"

"आणि तुम्ही?" तिने अडेलिनला विचारले.

"मी? हे सगळे येऊन बसतात. मग बस न्यायला नको?"

"आणि तुम्ही सगळे?"

"बस निघते ना! मग बसायला नको?" दिदो म्हणाला, आणि सभागृह हसले. ब्रिजिटही हसली. त्या हसण्यात कोणाला काही खटकले नाही. खटकायला हवे होते.

तर तो शनिवार ऑक्टोबरचा शेवटचा होता, हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. जिंकून काही मिळायचे नव्हते, हरून काही जायचे नव्हते. रात्रीपासून रेडिओ एकच वाक्य म्हणत होता: वादळ येत आहे, गरज नसेल तर प्रवास करू नका.

"ऐकलंस?" अडेलिनने नवऱ्याला विचारले. तो ट्रकच्या दोऱ्या आवळत होता.

"ऐकलं. गरज नसेल तर, असं म्हणतोय. आपल्याला आहे की गरज!" तो हसला, पण त्याचे डोळे त्या शिशाच्या पट्टीवर होते. "तुझं काय म्हणणं?"

"माझं काय असणार? लोक येतात का बघू."

आणि लोक आले. एकेक करून आले, हिरवे कोट घालून, थर्मास घेऊन, कलिंगड काखेत धरून. प्रत्येकाने आकाशाकडे पाहिले आणि मग बसकडे पाहिले. बसचे इंजिन चालू होते, म्हणजे अडेलिन नेणार. अडेलिनने आरशातून पाहिले. सगळी आसने भरली होती, म्हणजे यांना जायचे आहे. ऑरेस्टने ट्रकमधून मागे पाहिले. बस तयार होती, म्हणजे निघायचे. तोंडाने कोणी हो म्हटले नाही. तोंडाने कोणी नाही म्हटले नाही. हे परमेश्वरा, जीभ तूच दिलीस ना या माणसांना?

पहिला तास बरा गेला. मग वारा सुटला.

बर्फ आकाशातून पडत नव्हते. ते जमिनीवरून धावत होते, आडवे, सरपटत, फुत्कारत. आधी दूरचे धान्याचे कोठार पुसले गेले, मग कुंपणाचे खांब, मग रस्त्याची कड. उरला तो पांढरा अंधार. डोळे उघडे असावेत आणि दिसू काहीच नये, असा. त्या अंधारात फक्त ट्रकचे दोन लाल दिवे अडेलिनच्या पुढे लुकलुकत होते. तिने नजर त्यांना बांधली. ते दोन दिवे म्हणजे तिचा संसार होता.

वॉकीटॉकी खरखरली. ऑरेस्ट.

"अडेलिन, बाई गं, दिसतंय का काही?"

"तू दिसतोस. तुला?"

"माझ्यापुढे एक गाडी आहे. हिरवा झेंडा लावलेली. कोणीतरी आपल्यातलाच आहे, सामन्यालाच चाललाय. त्याच्या मागे मागे जातोय." "मागचे काय म्हणतायत?"

अडेलिनने आरशात पाहिले. माणसे ताठ बसली होती. दिदो पहिल्याच आसनावर, हात गुडघ्यांवर. "गप्प आहेत," ती म्हणाली. "काही बोलत नाहीत."

"मग ठीक आहे. चल."

चल, म्हणाला तो. तिच्या मनात होते की हा परत फिरू म्हणेल तर बरे. त्याच्या मनात होते की ही परत फिरू म्हणेल तर बरे. बसमधल्या प्रत्येकाच्या मनात हेच होते. आणि एवढ्या माणसांची ती एक इच्छा, वादळाच्या तोंडात, मैलामागून मैल पुढे चालली होती.

मग दिवे डावीकडे सरकले.

हळूच सरकले, रस्त्याला वळण असावे तसे. अडेलिनचे हात चाकाबरोबर वळू लागले. आणि मध्येच थांबले. या रस्त्याला येथे वळण नव्हते. टायरखाली डांबर नव्हते, खडी होती. डोळ्यांनी जे सांगितले नाही ते तळहातांनी सांगितले. तिने ब्रेक दाबला. बस थरथरून उभी राहिली.

"ऑरेस्ट! थांब! हा रस्ता नाही! ऑरेस्ट!"

दोन लाल दिवे पुढे जात राहिले. मग एक वर झाला, एक खाली झाला. मग दोन्ही नाहीसे झाले.

वॉकीटॉकीत केवळ वाऱ्याचा आवाज होता.

तिने हॉर्न दाबून धरला. उत्तर नाही. ती उठली, दरवाजाच्या दांडीला हात घातला, तेव्हा दिदोने तिचा कोट धरला.

"असं नाही जायचं, पोरी. दहा पावलांवर हरवशील. माझा चुलता गोठ्यातून घरी येताना हरवला होता. वसंतात सापडला."

"सोड मला, दिदो. तो तिथे आहे!"

"आहे. म्हणून नीट जायचं." म्हाताऱ्याने गळ्यातला मफलर काढला. "मफलर काढा रे सगळ्यांनी! गाठी मारा. घट्ट मारा, बुटाच्या नाडीसारख्या नकोत!"

हिरवे मफलर एकमेकांना जोडले गेले. बसच्या डिकीतला ओढायचा दोर त्यांना जोडला गेला. एक टोक अडेलिनच्या कमरेला, दुसरे टोक बसच्या दारात उभ्या माणसांच्या हातात. आणि ती त्या पांढऱ्या अंधारात उतरली. दोर सैल होत गेला, ताणला गेला, पुन्हा सैल झाला. दारातली माणसे एकमेकांना खेटून उभी होती. कोणाच्या ओठांवर येशूचे नाव होते, कोणाच्या ओठांवर त्याच्या आईचे. आणि कोणी इतकेच म्हणत होते, ऑरेस्ट, ऑरेस्ट, ऑरेस्ट. नाव कोणतेही असो, ती हाक ऐकणारा एकच आहे.

ट्रक वाटेच्या कडेच्या तळ्यात उतरला होता. नुकते धरलेले बर्फ फोडून त्याचे नाक पाण्यात गेले होते. ऑरेस्ट खिडकीतून अर्धा बाहेर आला होता, कमरेपर्यंत भिजलेला. आणि ओल्या उजव्या हाताने त्याने दाराची लोखंडी चौकट धरून ठेवली होती. धरून कसली, तो हात तिथे गोठून चिकटला होता. फुटलेली कलिंगडे काळ्या पाण्यावर तरंगत होती.

"आलीस?" तो म्हणाला. त्याचा जबडा धड हलत नव्हता. "लोकांना एकटं सोडून आलीस?"

"गप्प बस!" ती किंचाळली, आणि त्याच्या हातावर स्वतःचा श्वास फुंकू लागली. फुंकत राहिली. कातडी चौकटीवर राहिली, पण हात सुटला. तिने दोर हिसडला. दोन डझन माणसांनी एका जोराने ओढला.

तेवढ्यात, हॉर्न ऐकून निघालेल्या एका ट्रॅक्टरचा मोठा दिवा वादळातून येताना दिसला. ट्रॅक्टरवर आयव्हर टॉर्गरसन नावाचा शेतकरी होता. आणि ती खडीची वाट त्याच्या घराची होती. त्याने सगळ्यांना घरात घेतले. गोठलेल्या अंगाला एकदम धग लागू नये म्हणून ऑरेस्टला चुलीपासून दूर, गोधड्यांत गुंडाळले. स्वयंपाकघर हिरव्या कोटांनी भरून गेले.

"पुढे झेंडा लावलेली गाडी तुमची होती?" अडेलिनने विचारले.

"माझीच." आयव्हरने खाली पाहिले. "बायकोला तिच्या माहेराहून घेऊन परस्पर सामन्याला निघालो होतो. घराची वाट जवळ आली तशी ती म्हणाली, मला भीती वाटते. मग वळलो घरी. पण तुम्ही माझ्यामागे का आलात? मला वाटलं, तुम्हीसुद्धा शहाणे झालात आणि पाहुणे म्हणून येताय."

कोपऱ्यातला रेडिओ चालू होता. सामना सुरू झाला होता, आणि निवेदक भरल्या गळ्याने सांगत होता की अशा वादळातही हजारो माणसे आली आहेत, असे प्रेक्षक जगात कुठे सापडायचे नाहीत. दिदोने उठून रेडिओ बंद केला.

ऑरेस्टच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. अंगठा उरला. इस्पितळात अडेलिन त्याच्या खाटेशी बसून राहिली, आणि बरेच दिवस दोघांनी त्या शनिवारचे नाव काढले नाही. एके दुपारी तोच म्हणाला,

"तू का नाही वळलीस?"

"तू पुढे होतास."

"मी तर म्हटलं, तू मागे आहेस, मग कसा वळू?"

"मला वळायचं होतं रे, ऑरेस्ट. घरून निघतानाच वळायचं होतं."

"मलाही." त्याने पट्ट्या बांधलेल्या हाताकडे पाहिले. "मग आपल्याला नेत कोण होतं, अडेलिन?"

खिडकीबाहेर पुन्हा बर्फ पडू लागले होते.

हिवाळा सरला, पेरण्या झाल्या, जून आला. नव्या हंगामातल्या पहिल्या सामन्याच्या सकाळी अडेलिनने सभागृहापुढे बस उभी केली, आणि पाहते तो काय? गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट माणसे उभी होती! तिला बरे वाटावे म्हणून आली होती. तीही त्यांना बरे वाटावे म्हणून बस घेऊन आली होती. आकाश निरभ्र होते, वारा गोड होता. पण अडेलिनने चेहरे पाहिले. त्या शनिवारी आरशात जे चेहरे होते तेच हे चेहरे होते, तसेच हसरे, तसेच मुके.

दिदो तर पहिल्या आसनावर चढून बसलाही होता. तिने इंजिन बंद केले आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"एकेकाने पुढे या," ती म्हणाली. "प्रत्येकाला विचारणार आहे. तोंडाने सांगायचं. मान हलवलेली चालणार नाही. दिदो, तू पहिला. तुला जायचंय?"

"हा काय पोरखेळ?" दिदो गुरगुरला. "बसलोय ना मी!"

"बसलास ते दिसतंय. जायचंय का, ते विचारते."

म्हातारा कलिंगडाच्या टोपीखाली कसनुसा झाला. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? नाही. कधीच नव्हतं. तीन डावांत दहा यार्ड का जायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. माझी मारुसिया गेली, त्यानंतर ऑरेस्ट दारात येऊन हॉर्न वाजवायचा. त्याला वाईट वाटू नये म्हणून यायचो."

"मी तर तू एकटा पडू नयेस म्हणून वाजवायचो, म्हाताऱ्या!" ऑरेस्ट मागून ओरडला.

रांगेतली माणसे एकमेकांकडे पाहू लागली, आणि प्रत्येकाच्या मनात एकच भय उगवले. हे असेच पुढे चालले, प्रत्येकाने खरे सांगितले, तर या गावाला एकत्र बसवणारे काय उरेल? शाळा गेली, दुकान गेले, चर्चच्या कांद्यासारख्या घुमटाखाली महिन्यातून एकदा दिवा लागतो. बस तेवढी उरली होती. वादळाचे भय मोठे, की हे भय? अडेलिनलाही ते कळत होते. तरी तिने दिदोला हात देऊन खाली उतरवले, त्याच्या दोन्ही गालांवर ओठ टेकले आणि म्हणाली, "उद्या जेवायला ये. हॉर्न वाजवणार नाही. बोलवायला येईन."

मग ती ऑरेस्टकडे वळली. तो डाव्या हाताने उजवा हात धरून उभा होता.

"ऑरेस्ट, तुला जायचंय?"

तो बोलला नाही. त्याने आकाशाकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. चाळीस वर्षे तिने या गप्प बसण्याचा अर्थ लावला होता, आणि त्या अर्थावर गाडी हाकली होती. आज तिने अर्थ लावला नाही. मागे रांग चुळबुळत होती, सामन्याची वेळ सरत होती; आणि त्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.