आपलं कोण, परकं कोण

मुलुंडच्या हॉस्पिटलात मी घाबरून बसले होते. माझी थायमस ग्रंथी काढायची, असं डॉक्टर म्हणाले होते. शेजारच्या बाईंना मी ते सांगितलं, तेव्हा त्यांनी मिटू लागलेली पापणी बोटाने वर धरून माझ्याकडे पाहिलं.

"माझी काढली गं. छातीच्या हाडामागे असते. आपलं कोण, परकं कोण, हे रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे शिकतात. माझ्या चुकीचं शिकल्या आणि माझ्याच स्नायूंवर उठल्या."

"आता बऱ्या आहात?"

"चपाती नीट चावता येते. गोळ्या चालूच आहेत. आधीच शिकून बाहेर पडलेल्या पेशी अंगात आहेत ना!"

"राग नाही येत त्यांचा?"

"कसला राग? माझ्याच ना त्या!"

त्या हसल्या. ओठ अर्धेच उचलले गेले, तरी हसू माझ्यापर्यंत पोचलं. आत डॉक्टरांकडे गेल्यावर मी ऑपरेशनला हो म्हटलं.