लसूण वेचलेला डबा

"माणूस दाखवा." चष्म्याचं घर टेबलावर दोनदा आपटून आमच्या शेजारचे वकील एवढंच म्हणायचे. पोलीस ठाण्यात म्हणायचे, कोर्टात म्हणायचे, आणि पाहुणे नवरदेवाला न आणता सोयरीक ठरवायला आले तेव्हा माझ्या बैठकीतसुद्धा म्हणाले!

मुलांनो, तुमच्याकडे मानवी हक्कांवर परिसंवाद होतात. आमच्या हिंगोलीच्या गल्लीत तो विषय खाकरत फाटक उघडायचा आणि चहात साखर जास्त मागायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून हायकोर्टात पाठवायच्या अर्जांचं इंग्रजी वकील माझ्याकडून तपासून घेत. मी एकदा विचारलं, "प्रत्येक अर्जात आधी माणूस समोर आणा, हेच का?"

"बाई, जो दिसतच न्हाई, त्याला हक्क कसले देणार तुमी?"

मला ते कळलं आमच्या दूधवालीमुळे. एका सकाळी ती तांड्यावरून धावत आली. जवळा बाजार या गावातून सोयाबीनची पोती चोरीला गेली होती आणि त्या संशयावरून पोलिसांनी तिच्या मुलाला उचललं होतं. ठाण्यात मात्र म्हणत, असा कोणी इथं नाही. कुठे नोंदच नाही, म्हणजे आत त्याचं काही बरंवाईट झालं तरी ते झालंच नव्हतं.

"तुमी संगं चला, बाई. बोलू नका, नुसत्या बसा," वकील मला म्हणाले.

ठाणेदार वर न बघता म्हणाले, "सांगितलं ना, इथं कोणी नाही."

तेवढ्यात आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. दूधवालीने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

वकील भांडले नाहीत. व्हरांड्यात आले, तिने मुलासाठी पदराखाली आणलेला डबा घेतला आणि दारातल्या शिपायाला म्हणाले, "आत कोणी उपाशी असंल तर द्या." शिपायाने साहेबांच्या खोलीकडे पाहिलं. डबा घेऊन तो आत गेला.

आतला आवाज आता थांबला होता. ते जास्त भीतीदायक होतं.

डबा रिकामा परत आला. तिने झाकण काढलं. भाकरी नव्हती, भाजी नव्हती. कडेला मेथीतल्या लसणाच्या पाकळ्या नीट ओळीने लावून ठेवलेल्या.

"जित्ता हाय," ती पुटपुटली. "न्हानपणापासून असाच लसूण वेचून ठेवतंय."

वकिलांनी डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हा आत कोणी नेला?" साहेब ओरडले.

"व्हरांड्यात होता," वकील म्हणाले.

"मग मीच खाल्ला समजा!"

"अन् लसूण काहून टाकला, साहेब?"

चष्म्याचं घर दोनदा आपटलं. "माणूस दाखवा."

साहेबांनी शिपायाला खूण केली, आणि मुलगा लंगडत बाहेर आला. एक डोळा सुजून बंद झालेला. वकिलांनी त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं. मग म्हणाले, "काय रे, मायच्या हातचा लसूण टाकतो व्हय?" रडता रडता ती माऊली हसली. नोंद झाल्याशिवाय वकील तिथून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं केलं, जामीन झाला. डबा आत कुणी नेला, ते साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

यंदा वकील गेले. अंगण काळ्या कोटांनी भरलेलं. दूधवाली मुलाला घेऊन उशिरा पोचली. कुणीतरी म्हणालं, "मावशी, मागंच थांबा."

ती थांबली नाही.

"मला माणूस दाखवा," ती म्हणाली.

काळे कोट बाजूला झाले.