खटक्यावरचा हात

पळसदरीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगर जिथे पाय पसरतो तिथे, कातकऱ्यांची एक वाडी होती. ठकी त्या वाडीची सून. माहेर खालापूरकडचं, पाताळगंगेच्या काठचं, त्यामुळे पाण्याचं भय तिला कधी ठाऊकच नव्हतं. दगडाच्या कपारीत खांद्यापर्यंत हात घालून ती खेकडा, मासा जे असेल ते बाहेर काढायची. बोलायला मात्र फटकळ. सासू जना म्हणायची, "हिच्या तोंडाला झाकण नाय, पण हाताला यश हाय."

नवरा कमळ्या तिच्या अगदी उलट. कुणी काही सांगितलं की मान डोलवायची आणि सांगितलं तसं करायचं. दिवाळी सरली की दोघं कोळशाच्या भट्टीवर जात. लाकडं रचून वरून माती लिंपायची, आत विस्तव धुमसत ठेवायचा, आणि कुठे भगदाड पडून जाळ उसळू नये म्हणून कुणीतरी पहाऱ्याला बसायचं. कमळ्या बसला की उठायचा नाही. धुरानं डोळे सुजले, खोकून खोकून छाती दुखायला लागली, तरी जागचा हलायचा नाही. भट्टीचा मुकादम, भिसेगावचा नामा, त्याच्यावर खूश असायचा तो यासाठीच.

दुसरी मोठी लढाई संपली आणि लष्कराचं मोडीतलं सामान विकायला निघालं. मुंबईच्या काही शेठलोकांनी त्यातली इंजिनं घेऊन लाकडी बोटींना बसवली, आणि थंडीच्या दिवसांत तळ्यावर बोटींच्या शर्यती सुरू केल्या. रविवारी मोटारी यायच्या, काठावर तंबू लागायचा, आणि बोटींच्या आवाजानं तळ्यावरची पाखरं पार डोंगरापलीकडे जायची. वाडीतली माणसं काठावर बसून बघायची.

या शर्यतीत बोटी एकमेकींच्या पुढे जायला धावत नव्हत्या. एकेक बोट सुटायची आणि पाण्यात रोवलेल्या दोन पांढऱ्या खांबांमधून जायची. तेवढ्या पट्ट्यात तिचा वेग किती भरला, त्यावर निकाल. वेग मोजायला बोटीत एक पितळी डबा बसवलेला असे. सगळे त्याला मीटर म्हणत. आत मेणाचा कागद गुंडाळलेला एक रूळ घड्याळासारखा फिरायचा आणि त्यावर एक सुई रेघ ओढायची. वेग वाढला की रेघ वर, कमी झाला की खाली. बाहेर एक खटका होता. तो दाबून धरला तरच सुई कागदाला टेकायची. सोडला की ती उचलली जायची आणि रेघ तुटायची.

पहिल्या हंगामात या मीटरवरून भांडणं झाली. कुणी म्हणे अमक्यानं डबा उघडला, कुणी म्हणे तमक्यानं सोयीच्या वेळी खटका सोडला. मग शेठलोकांनी एक म्हातारा इंजिनियर नेमला आणि त्यानं नियम घातले. वाडीतली माणसं त्याला मोजणीसाहेब म्हणत. डबा तो स्वतः बसवणार आणि त्याला शिशाचं सील ठोकणार. सील तुटलं तर बोट बाद, मीटर हरवलं तर ती फेरी झालीच नाही असं धरायचं. बोट चालवणाऱ्यानं मीटरला हात लावायचा नाही. खटका धरायला वेगळा माणूस, तोही असा, की ज्याला आकडे वाचता येत नाहीत, म्हणजे लबाडीला वावच नको.

असा माणूस शोधायचं काम नामाकडे आलं. त्यानं कमळ्याला भट्टीवरून सोडवलं.

"बसायचं आणि खटका दाबून धरायचा," नामा म्हणाला. "पयल्या खांबाच्या आदी दाबायचा, तो बोट धक्क्याला लागेपत्तूर हात काढायचा नाय. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं न्हाय रं हे."

कमळ्याला ते काम फार आवडलं. घरी आला की लहान पोर सांगतं तसं सांगायचा. "ठके, पाणी दगडावानी लागतं गं. झाडं मागं पळत्यात. डोळ्यातनं पाणी येतं, पण खोकला येत नाय. एकदा बी नाय आला." ठकी हसायची. भट्टीच्या धुरातून माणूस सुटला, याचंच तिला बरं वाटत होतं.

पौषात दुसऱ्या एका बोटीत कमळ्याचा धाकटा भाऊ शुक्रा खटक्यावर बसला. दोन खांबांच्या मधेच बोट उसळली आणि शुक्रा पाण्यात फेकला गेला. तो पोहत हसत काठाला आला, पण रेघ तुटली होती. फेरी बाद झाली. बोटीचा मालक मोजणीसाहेबाच्या अंगावर धावून गेला. पुढच्या रविवारी नवा नियम आला. खटकेवाल्याला चामड्याच्या पट्ट्यानं बाकाला बांधायचं. पट्ट्याचं बक्कल पाठीमागे, म्हणजे मध्येच सोडवून त्यानं हालचाल करू नये. धक्क्याला लागल्यावर बोट चालवणाऱ्यानंच ते सोडायचं.

ठकीनं ते धक्क्यावर उभं राहून पाहिलं. एक तरुण शेठ, ज्याच्या बोटीत कमळ्या बसत असे, तो पट्टा ओढून घट्ट करत होता. ती तडक नामाकडे गेली.

"मुकादम, बोट पालथी झाली तर हा सुटणार कसा?"

"पालथी कशाला व्हतीय?"

"शुक्रा नाय पडला?"

"पडला म्हणूनच पट्टा केलाय ना गं!" नामा वैतागला. "आता पडायची भीतीच नाय."

ठकीचं समाधान झालं नाही. ती मोजणीसाहेबापुढे जाऊन उभी राहिली आणि पाठीमागे हात नेऊन बक्कल कुठे आहे ते दाखवलं. म्हातारा माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा काढला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि नामाकडून सांगवलं, की नियम सगळ्या बोटींना सारखा आहे, एकासाठी बदलता येत नाही. बाजूला एक मदतीची बोट ठेवलेली असते, काळजी करू नको.

"राहू दे की गं," कमळ्या बाकावरून म्हणाला. "भाकर आण दुपारची."

मग हंगामाचा शेवटचा रविवार आला. काठावर माणसं दाटली होती. कर्जतहून बघे आले होते, तंबूत शेठलोकांच्या बायका छत्र्या घेऊन बसल्या होत्या. तरुण शेठची बोट सगळ्यांत शेवटी सुटली. ठकी दुसऱ्या खांबाच्या समोर, काठच्या खडकावर बसली होती. सकाळी जळणाची फाटी तोडून ती तशीच आली होती, कमरेला कोयती होती.

बोट आली ती पाण्याला शिवत नाही अशी आली. पहिला खांब गेला, दुसरा गेला. तंबूतून आरोळी उठली. शेठनं वळण घेतलं आणि त्याच क्षणी बोटीचा तळ कशावर तरी आपटला. तळ्यात बुडालेल्या जुन्या झाडांची खोडं होती, त्यातलंच एखादं असेल. बोट हवेत उचलली गेली, कोलांटली आणि पालथी पडली.

शेठ बाजूला फेकला गेला. मदतीची बोट आधी त्याच्याकडे गेली, कारण तो दिसत होता, हात हलवत होता. कमळ्या दिसत नव्हता. पालथी बोट थोडा वेळ तरंगली, मग इंजिनाच्या भारानं मागून खाली जायला लागली.

ठकीनं खडकावरून उडी घेतली होती. पलीकडून शुक्रानंही घेतली. ती पोहोचली तोवर बोटीचं नाकच तेवढं वर होतं, आणि तेही तिच्या डोळ्यांदेखत गेलं. ती मागोमाग खाली गेली. पाणी गार आणि गढूळ. हाताला लाकूड लागलं, मग कमळ्याचा पाय लागला. पाय हलत नव्हता. तिनं चाचपत पाठ गाठली, बक्कल सापडलं, पण ते ओढाताणीनं इतकं आवळलं होतं की बोटांना दाद देईना. तिनं कोयती काढली. ओलं चामडं कापता कापेना. श्वास संपला, वर आली, पुन्हा गेली. दुसऱ्या खेपेला शुक्रा सोबत होता. पट्टा तुटला आणि दोघांनी त्याला वर आणलं.

काठावर त्याला पालथा घालून पाठ दाबली. नाकातोंडातून पाणी आलं, श्वास आला नाही. जना आली आणि लेकाचे पाय मांडीवर घेऊन बसली. ठकी रडली नाही. त्याचा उजवा हात मुठीसारखा वळलेला होता, तो ती पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली.

तिकडे तंबूपाशी वेगळंच चाललं होतं. शेठला घोंगडीत गुंडाळून बसवलं होतं. त्याचे सोबती म्हणत होते, खटकेवाला घाबरला, खटका सोडून एका बाजूला कलला, म्हणून बोट उलटली. दुसऱ्या बोटीचे मालक म्हणत होते, मीटर पाण्यात गेलं, फेरी बाद. शेवटी नामा खाली मान घालून ठकीकडे आला.

"ठके, ते म्हणत्यात, कमळ्यानं हात सोडला म्हणून झालं हे."

ठकीनं वर पाहिलं. "कोण म्हणतं?"

"सगळेच. मीटर वर आलं तर खरंखोटं कळंल. पण खाली जाणार कोण? शुक्रा नाय म्हणतो."

"जाऊ नको, वहिनी," शुक्रा म्हणाला. "त्यांचं त्यांना काढू दे."

ठकीनं कमळ्याचा हात खाली ठेवला आणि उठली. मेलेल्या माणसाच्या माथी खोटं मारून हे लोक मोटारीत बसून जाणार, हे तिला सहन होईना. ती पुन्हा पाण्यात गेली. किती वेळा बुडी मारली कुणास ठाऊक. डबा बोटीला पेचांनी बसवलेला होता. कोयतीच्या पाठीनं तिनं खालची फळीच फोडली आणि फळीच्या तुकड्यासकट डबा वर आणला. बोटं फाटून रक्त येत होतं.

मोजणीसाहेबानं सगळ्यांसमोर सील तपासलं. शाबूत होतं. त्यानं डबा उघडला, मेणाचा कागद सोडवला आणि टेबलावर पसरला. माणसं वाकली. ठकी ओल्या लुगड्यानं टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिला कुणी हाकललं नाही.

साहेबाचं बोट रेघेवरून सरकत गेलं. रेघ वर चढली होती, दोन खांबांच्या मधे कुठेही तुटली नव्हती. मग ती एकदम खाली कोसळली होती. तिथे बोट उलटली. आणि तिथून पुढे ती कागदाच्या तळाशी सरळ, बारीक, चालत गेली होती. साहेबाचं बोट तिथे थांबलं. त्यानं नामाला हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतो?" ठकीनं विचारलं.

"बोट उलटली तवाबी हात खटक्यावरच होता," नामा म्हणाला. "त्याच्या फुडं बी... पान्यात असताना बी, थोडा येळ दाबूनच होता."

"सोडला नाय."

"नाय गं."

ठकीला वाटलं, आता ते शेठलोक मान खाली घालतील, निदान कुणी येऊन कमळ्याच्या अंगावर कापड तरी टाकेल. साहेबानं फूटपट्टी घेऊन रेघेचा सर्वांत उंच भाग मोजला आणि आकडा वाचला. सील शाबूत, मीटर हजर, खटका अखंड. फेरी धरावी लागणार होती, आणि त्या तळ्यावर इतका वेग आजवर कुणाचाच भरला नव्हता. आधी कुणीतरी हलकेच टाळी वाजवली. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. शेठच्या सोबत्यांनी त्याची पाठ थोपटली. काठावर जना अजून लेकाचे पाय मांडीवर घेऊन बसली होती, आणि टाळ्या तिच्यापर्यंत ऐकू जात होत्या.

आपणच खाली जाऊन त्यांना जिंकवून दिलं, हे ठकीच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. एरवी जिच्या तोंडाला झाकण नाही ती ठकी तशीच माघारी फिरली आणि चालत काठावर गेली.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. संध्याकाळी वाडीनं कमळ्याला माती दिली.

शिमग्याच्या सुमारास तरुण शेठ वाडीवर आला. एकटाच, नामाला वाट दाखवायला घेऊन. चेहरा उतरलेला होता. सोबत लुगडी, धान्य असं बरंच आणलं होतं. जनानं ते घेतलं, घरात काहीच नव्हतं. शेठ ठकीपुढे उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला, फार वाईट झालं, अशा अर्थाचं.

ठकी सूप पाखडत होती. ती थांबली.

"एक इचारू?"

"विचार."

"बक्कल सोडायचं काम तुझं होतं. उडून पडल्यावर तू बोटीपासनं लई लांब नव्हतास. का नाय सोडलास?"

शेठ खोटं बोलला असता तर कुणी धरलं नसतं. पण तो म्हणाला, "मला आठवलंच नाही, बाई. तो मागे बसलाय, हेच आठवलं नाही."

ठकीनं मान हलवली, जशी कमळ्या हलवायचा तशी, आणि सूप उचललं. शेठ गेला.

पुढच्या थंडीत शर्यती पुन्हा लागल्या. मोजणीसाहेबानं नियम बदलला होता. बक्कल पुढे आणलं होतं. तोच शेठ नवी बोट घेऊन आला आहे, असं नामानं सांगितलं आणि शुक्राला विचारलं. काम हवंच होतं, भट्टी त्या साली लवकर बंद पडली होती. शुक्रा घुटमळला. ठकीनं मध्ये पडून त्याला थांबवलं. मग ती आसपासच्या वाड्यांवरही फिरली. कुठे समजावलं, कुठे शिव्या घातल्या. एकाही वाडीचा माणूस खटक्यावर बसला नाही. नामानं बाहेरून माणसं आणली, त्यांच्यावर हंगाम निभावला. ठकीशी तो त्यानंतर बोलेनासा झाला, आणि भट्टीवर तिला घेईनासा झाला.

तेव्हा ती जनाला घेऊन शिळफाट्याच्या पलीकडे, दुसऱ्या मुकादमाच्या भट्टीवर गेली. तिथे तिला पहाऱ्याचं काम मिळालं. धूर फार होता. दुसऱ्या पावसाळ्यात जना गेली. ठकी त्याच भट्टीवर राहिली, आणि थंडी आली की तिला खोकला लागायचा.