फ्लेक्सच्या दुकानातली मुलगी मॉडेल होते तेव्हा

पाटोद्याच्या स्टँडवर मला सोडायला आई एकटीच आली होती. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोर्ड लावायचा होता. कुठल्याशा साहेबांचा वाढदिवस होता आणि साहेब चौकात यायच्या आत त्यांचा चेहरा खांबावर चढलेला हवा होता. मुंबईची एसटी चौकातून वळली तेव्हा अण्णा मला दिसले. शिडीवर उभे, सुतळीचं टोक दातांत, हातात फ्लेक्सचा कोपरा. त्यांनी गाडीकडे पाहिलं. तोंडात सुतळी होती म्हणून बोलता आलं नसतं, आणि नसती तरी ते बोलले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या बाईंनी कुठं निघालीस म्हणून विचारलं. मी म्हणाले, मुंबईला, कपड्याच्या कंपनीत. हे उत्तर अण्णांनीच ठरवून दिलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं गावात तेच चाललं.

तुम्हा पाटोदेकरांपैकी जे गावातच राहिले त्यांना आमचं दुकान सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्याही हार्दिक अभिनंदनाचे बोर्ड आमच्याकडेच छापले गेलेत. अण्णा आधी पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या बियाण्यांच्या जाहिराती, ट्रॉलीच्या मागची नावं, सगळं हातानं. मग फ्लेक्स आला, ब्रश माळ्यावर गेले आणि टेबलावर कॉम्प्युटर आला. शाळा सुटली की मी त्या कॉम्प्युटरवर बसायचे. माणसांचे चेहरे मागच्या भिंतीपासून, म्हशीपासून, मोटरसायकलपासून कापून वेगळे करायचे, पुरळ पुसायचं, मिशा काळ्या करायच्या. आणि प्रत्येकाला गोरं करायचं. गिऱ्हाईक आपण होऊन सांगायचं, जरा उजळ घ्या. न सांगितलं तरी आम्ही घ्यायचोच, नाहीतर बोर्ड परत यायचा. फक्त चौदा एप्रिलच्या बोर्डाला मला कॉम्प्युटरवर बसायला मिळत नसे. तो अण्णा स्वतः करत आणि त्यातल्या चेहऱ्याचा रंग कणभरही हलू देत नसत.

साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांसाठी लागायच्या त्या बायका मात्र आम्ही इंटरनेटवरून उतरवून घ्यायचो. एकीला तर आम्ही पाटोद्यात नथ घालून दिली, कडा गावातल्या एका दुकानासाठी तिच्या अंगावर पैठणी चढवली आणि नांदूरघाटच्या ब्यूटी पार्लरसाठी तिचे केस मोकळे सोडले. मला प्रश्न पडायचा, ही कोण असेल? सकाळी उठून काय खात असेल? आपण इथं पार्लरच्या दारात उभ्या आहोत हे तिला माहीत असेल का? अण्णांना विचारलं तर म्हणाले, त्या इंटरनेटवरच असत्यात. माझं काही समाधान झालं नाही.

म्हणून मी मॉडेल झाले असं म्हटलं तर लोकांना खोटं वाटतं. दिसायला सुंदर होते म्हणून गेले असेन, असं त्यांना वाटतं. मी उंच आणि काळी होते. शाळेच्या रांगेत शेवटी उभी राहायचे आणि लग्नाचा विषय निघाला की मावश्या माझ्या उंचीकडे बघून सुस्कारे सोडायच्या. बीडला कॉलेजात असताना मोबाईलवर काढलेले साधे फोटो मी मुंबईच्या एका एजन्सीला पाठवले, बिनमेकअपचे, केस मागे बांधलेले. त्यांना तसेच हवे होते. बोलावणं आलं.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. ते म्हणाले, "बोर्ड उतरल्यावर कुठं जातंय, तुला म्हाईत हाय. कडब्यावर न्हाईतर गोठ्यावर. इतकी वर्सं मी लोकांची तोंडं टांगली अन् उतरवली. तुझं तोंड तसं जाऊ नये, एवढंच वाटतंय मला." ते खरं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, मीच कापलेले चेहरे मी ताणून बांधलेले पाहिले होते. तरी मी गेले. जाताना मनात एकच होतं, कधीतरी ह्या माणसानं चारचौघांत म्हणावं की माझी मुलगी मॉडेल आहे. नुसतं एवढंच.

मुंबईतल्या पहिल्या कास्टिंगला मी जे केलं ते अजून माझी फोटोग्राफर मैत्रीण पार्टीत करून दाखवते. पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं, नाव आणि उंची सांगायला लावली, दोन्ही बाजू दाखवायला लावल्या आणि मग ती म्हणाली, आता काही करू नकोस, नुसती नॅचरल उभी राहा. मी नॅचरल उभी राहिले. म्हणजे छाती पुढे, हनुवटी वर, नजर डावीकडे आभाळात आणि हात जोडलेले. खोलीत कुणालाच काही समजेना. मैत्रीण, तेव्हा अर्थातच अनोळखी, कॅमेरा खाली घेऊन म्हणाली, हे काय आहे? मी सांगितलं, शुभेच्छुक. आमच्याकडे फोटोत माणूस असाच उभा राहतो, कारण वरच्या कोपऱ्यात साहेब असतात. दुसरी पद्धत मोबाईल कानाला लावून चालत येण्याची, पण ती पुरुषांची. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ते काम मला मिळालं नाही, पण ती मिळाली.

आता तुम्हाला उत्सुकता असेल की हे काम असतं तरी कसं. मलाही तीच होती, म्हणून जमेल त्याला मी विचारत सुटायचे. दिवे लावणाऱ्याला, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना. तर सांगते. रॅम्प फार थोड्यांच्या वाट्याला येतो आणि तोही क्वचित. माझं पोट भरतं ते कॅटलॉगवर. एका दिवसात कुर्त्यांचा डोंगर संपवायचा. समोरून कपडा अंगाला चापून बसलेला दिसतो, पाठीमागे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसारख्या क्लिपा लावलेल्या असतात. भर मे महिन्यात लोकरीचे स्वेटर घालून मी थंडीनं शहारल्याचा चेहरा केलाय. कास्टिंगला माझ्याइतक्याच उंच मुली रांगेत बसलेल्या असतात आणि तासाभरानं एक पोरगी बाहेर येऊन थँक यू म्हणते. त्याचा अर्थ नको. नको का, हे कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी मी त्याची कारणं शोधायचे. नाक असेल, दात असतील, बीडची भाषा असेल. मग कळलं की बऱ्याचदा कारणच नसतं. समोरच्याच्या डोक्यात एक बाई असते आणि ती तुम्ही नसता.

रंगाचं म्हणाल तर तीही गंमतच. सुरुवातीला मेकअपवाल्यांच्या पेटीत माझा रंगच नसायचा. दोन डब्या मिसळून काहीतरी राखाडी तयार व्हायचं आणि मी आजारी दिसायचे. नंतर फॅशन पालटली. डस्की, म्हणजे सावळी हवी, असं मेलमध्ये लिहून यायला लागलं आणि मला त्याच रंगावर कामं मिळू लागली. पण शूटला डस्की म्हणून नेलेली मी, छापून आले की तीन छटा उजळ व्हायचे. कोण करत असेल हे? कुठल्यातरी टेबलावर बसून एखादी मुलगीच करत असेल, शाळा सुटल्यावर. मला तिचा राग येत नसे. ती जेवली असेल का, एवढंच मनात यायचं.

घरी आई रोज फोन करायची. अण्णा बाजूला असायचे, हे त्यांच्या खाकरण्यावरून कळायचं. सुट्टीला गेले की विचारत, जागा कशी हाय, पाणी येतं का. कामाचा विषय नाही. चौकात कुणी विचारलं तर कंपनीत हाय, एवढंच. मी मुद्दाम घरी फोटो पाठवत नसे. पाठवले आणि त्यांनी काहीच म्हटलं नाही, तर ते मला झेपलं नसतं.

मागच्या दिवाळीआधी एका शूटवर केस गुंडाळून बसले होते आणि फोन वाजला. अण्णांचा. आपण होऊन त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा मी आईची तब्येत विचारली. ते म्हणाले, ती बरी हाय, कामाचं बोलायचंय. गावातल्या एका साडीच्या दुकानाचे शेठ दिवाळीच्या बोर्डासाठी पेनड्राइव्हमध्ये फोटो घेऊन आले होते, नेहमीसारखा कुठूनतरी उतरवलेला. अण्णांनी उघडला तर त्यात मी.

"छापायचा का?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत कुठल्या बाईला विचारून त्यांनी तिचा फोटो छापला नव्हता. मी सांगितलं की खरं तर तो हक्क माझा नाही, फोटो कंपनीचा असतो.

"तोंड तुझं अन् मालकी त्यांची? कावून?"

मला हसू आलं, कारण इतकी वर्षं असले 'का' मीच सगळ्यांना विचारत होते. मी म्हणाले, करारच तसा असतो, अण्णा. मग ते म्हणाले की शेठला त्यांनी परत पाठवलंय, फोटोतल्या बाईला विचारल्याशिवाय छापणार नाही म्हणून. शेठ चिडले, शेजारच्या गावातून छापून घेतो म्हणाले. घ्या म्हणलं, अण्णा म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज बदलला.

"आले तवाच म्हणत व्हते, छापताना हिला अजून जरा उजळ करा. आधीच तुला लई पांढरी केलीय कुणीतरी. मी म्हणलं, शेठ, ही माझी पोरगी हाय. मुंबईत मॉडेल हाय. हिचा रंग मला म्हाईत हाय."

दुकानात तेव्हा कोण कोण होतं, हे मी विचारलं. ते म्हणाले, लई जण व्हते, सणाची गर्दी. मेकअपच्या ताईंनी आरशातून पाहिलं आणि न विचारता कापूस पुढे केला.

संध्याकाळी त्यांनी तो फोटो मला पाठवला. चेहऱ्यावरची सगळी सफेदी काढलेली. कपाळ, गाल, मान, सगळीकडे मी होते तशी. हा रंग त्यांनी आठवणीनं जुळवला होता, कारण सावलीत नि दिव्याखाली काढलेले माझे एवढे फोटो जगात आहेत, पण खऱ्या रंगातला त्यांच्याकडे एकही नव्हता.

तुम्ही जे गाव सोडून गेलात ते मला नेहमी विचारता, आता घर कुठलं म्हणायचं, तिकडचं की इकडचं? मला अजून नीट कळलेलं नाही. भाड्याची खोली अंधेरीला आहे आणि आई पाटोद्याला. पण हल्ली कॅमेऱ्यासमोर उभी राहून कुणी नॅचरल राहा म्हणालं की मी काहीच करत नाही. मी कशी दिसते हे माहीत असलेला एक माणूस आहे, आणि तो ते आता चारचौघांत सांगतो.