गोजरबाईचा उजवा हात

कुरुंद्याच्या गोजरबाईनं चोपन्न वर्षांत कुणाचं म्हणून ऐकलं नव्हतं. सासूचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. हळद काढायच्या दिवसांत तिनं उजवा हात वर करून हाक मारली की पार शेवटच्या सरीतली बाई दचकून उभी राहायची.

मागच्या दिवाळीनंतर उजव्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. नांदेडला ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. पाचव्या दिवशी ती घरी आली तेव्हा काखेजवळून एक नळी बाहेर आलेली होती आणि नळीच्या टोकाला प्लास्टिकची डबी. तिच्यात लालसर पाणी साठायचं. सून कोमलनं डबी गळ्यात अडकवायला कापडाची पिशवी शिवून दिली. भेटायला आलेल्या बायका त्या पिशवीकडं चोरून बघायच्या. एकीनं विचारलंच, "काय हाय बाई त्यात?"

"पानाचा डबा," गोजरबाई म्हणाली. "खातीस का?"

शेजारच्या जिवनबाईनं मात्र जवळ बसून बजावलं, "गोजरे, हात हलवू नको बरं. टाके उसवतेन."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच गोजरबाईनं ऐकलं. कोपर बरगडीला चिकटवून बसली ती बसलीच. दवाखान्यातून मिळालेला व्यायामाचा कागद पेटीखाली गेला. बायको ऐकायला लागली हे बघून रामकिशनलाही हुरूप आला. चहात साखर कमी टाकत जा, असं त्यानं सुचवून बघितलं. ते काही ऐकलं गेलं नाही.

खरं तर ती भ्याली होती. अंघोळीच्या वेळी छातीकडं बघायची नाही. नजर न्हाणीच्या पत्र्यावर ठेवून डाव्या हातानं पाणी घ्यायची.

नळी निघाली, महिना गेला. दाखवायला नेलं तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या निता मॅडमनी विचारलं, "मावशी, टाके तर कधीच भरलेत. हात बांधून ठेवायला कुणी सांगितलं?"

"जिवनबाईनं."

"कोणत्या हॉस्पिटलला असतात त्या?"

"माझ्या शेजारी."

निता मॅडम हसल्या नाहीत, पण तोंड पुसायला रुमाल काढला. मग तिला भिंतीसमोर उभं करून बोटं मुंगळ्यासारखी वर चढवायला शिकवलं. दुखतं तिथं थांबायचं, दहा मोजायचे, हळूच खाली यायचं.

घरी ओसरीच्या भिंतीवर कोमलनं खडूनं रेघ मारली. पहिली रेघ खांद्याएवढीच. काखेत कुणी दोरी ताणून धरल्यासारखं व्हायचं, डोळ्यांत पाणी यायचं. मोजायचं काम रामकिशनकडं होतं. तो सातपर्यंत बराबर जायचा, तेवढ्यात रस्त्यानं कुणी दिसायचं.

"रामराम! कुठं निघाले?"

"आवं, हात वर हाय माझा!" गोजरबाई भिंतीकडं तोंड करून ओरडायची. "आधी आठ म्हणा, मग रामराम घाला."

एक दिवस जिवनबाई बघायला आली. "काय शोधून राहिली भिंतीवर?"

"ये, तू बी शोध."

जिवनबाईनं ऐटीत हात लावला. तिचाच खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. तिचा हात गोजरबाईच्या रेघेच्या चार बोटं खालीच थांबला. गोजरबाईला त्या दिवशी गोळीपेक्षा जास्त आराम पडला.

त्या हाताला बाकी जपणूक बरीच होती. त्यावर सुई टोचायची नाही, बीपी मोजायचं नाही, जड उचलायचं नाही, घट्ट बांगड्या नकोत. तिनं सगळ्या बांगड्या डाव्या हातात चढवल्या. पण फाल्गुनात हळद निघाली आणि तिला घरी राहवेना. बायकांत बसून गड्डे मोडताना करंगळीला ओरखडा आला. तिनं दोन दिवस तो पदराखाली लपवला. तिसऱ्या दिवशी हात लाल, गरम आणि सुजलेला, अंगात ताप.

रामकिशन आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "गाडीत बैस."

ती बसली.

औषधानं ताप गेला. सूज उतरली, पण पुरती नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हातातलं पाणी निचरणाऱ्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळं हाताला आता कायम जपावं लागेल. त्यांनी मनगटापासून खांद्यापर्यंत घट्ट बसणारी बाही दिली. परतताना ती रडली.

"हा हात माझा राहिला न्हाई आता."

"मग कोणाचा?" गाडी चालवत रामकिशन म्हणाला. "दोन महिने झाले, त्याचे आकडे मीच मोजून राहिलो. अर्धा तर माझाच झाला."

रडता रडता तिला हसू फुटलं. "सातपर्यंतच तुमचा," ती म्हणाली.

आता हात कानाच्या वर जातो. शेवटची वीतभर अजून बाकी आहे. दंडाच्या आतल्या बाजूला स्पर्श कळत नाही. उन्हाळ्यात ती बाहीला शिव्या घालते आणि रोज सकाळी न चुकता चढवते. शेतात जाते, ती हातमोजा घालून. पाण्याची घागर मात्र कोमल उचलते आणि कशी उचलायची ते गोजरबाई सांगते.

वैशाखात पुसेगावला भाच्याचं लग्न होतं. कोमलनं पोलक्यात उजव्या बाजूला बसवायला कापडाची लहानशी गादी शिवली, वजन यावं म्हणून आत बाजरी भरली. गोजरबाईनं आरशासमोर उभं राहून नीट बघितलं. न्हाणीतल्या पत्र्याकडं नाही, स्वतःकडं.

"पोरी, थोडी बाजरी काढ," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूला वाईट वाटंल."

रामकिशन दारात उभा होता. तो खाकरला आणि म्हणाला, "चांगली दिसून राहिली."

"सदतीस वर्षांनी दिसलं का?" पदर सारखा करत ती म्हणाली. "चला, गाडी काढा. हळद लागायच्या आधी पोचलं पायजे."