आधी निरोप परत सांगा

सांगितलेलं नुसतं ऐकून मान डोलावणारा माणूस आबांच्या लेखी बहिराच. त्यांचा उभा जन्म दौंडला रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये गेला. स्टेशनवरून आलेला निरोप शब्दन् शब्द परत म्हटल्याशिवाय त्यांनी कधी सिग्नल पाडला नाही. निवृत्त झाले तरी खोड तीच. "दोन चहा, एक बिनसाखरेचा" हेही ते आमच्या शिरूरच्या चहावाल्याकडून वदवून घेतात, आणि तो वैतागून दोन्हींत साखर घालतो.

नऊ वर्षांच्या नातीला घेऊन ते आठवड्यातून दोनदा एसटीने माझ्या वर्गाला येतात. पोरीचे कान ठणठणीत, पण ऐकलेल्याचा अर्थ लागेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. शाळा तिला ढ म्हणून मोकळी झाली होती. मी अशा मुलांना कॉम्प्युटरवर ऐकण्याचा सराव देते. हेडफोनमध्ये सूचना संथ येते, ऐकून चित्र निवडायचं, उत्तरं बरोबर आली की वेग आपोआप वाढतो. बरोबर उत्तराला 'टिंग' वाजतं. दिवसभर ते ऐकून माझं डोकं उठतं, आबांना मात्र त्या टिंगचं व्यसनच लागलं.

महिन्याभरात पोरीचा वेग असा वाढला की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. मग एक दिवस ती हेडफोन काढून रडायलाच लागली. वाकून पाहिलं, तर आबा दुसऱ्या हेडफोनने ऐकून टेबलाखालून तिला पायाने खुणा करत होते. कॉम्प्युटर इतके दिवस आबांना शिकवत होता! थकलेल्या माणसाला राग लवकर येतो, तसा मलाही आला. मी त्यांना नको तेवढं बोलले.

"मी हाय तवर ठीक हाय, मॅडम," ते खाली बघत म्हणाले. "माझ्या माघारी हिला खुणा कोण करंल?"

मी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. आबा भिंतीकडे तोंड करून बसू लागले, पण अधूनमधून भिंतीलाच बजावायचे, "आधी निरोप परत सांग." मी कपाळाला हात लावला. पोरगी मात्र खरंच प्रत्येक सूचना पुटपुटायला लागली, आणि टिंग तिचं स्वतःचं वाजू लागलं.

परवा निघताना आबा तिला म्हणाले, "बाटली घे, पंखा बंद कर, आन् मॅडमला सांग, बुधवारी न्हाई, शुक्रवारी येऊ."

ती पुटपुटली, "बाटली. पंखा. शुक्रवार." तिन्ही कामं करून ती दारात उभी राहिली. "आबा, आता मी सांगते. छत्री घ्या, चष्मा घ्या, माझा हात धरा. परत म्हणा."

आबा "छत्री" म्हणाले, परत "छत्री"च म्हणाले, आणि तिचा हात धरून दारातच उभे राहिले. बस चुकणार हे मला दिसत होतं, तरी घाई करा असं काही म्हणवलं नाही.